नांव आणि सही : फुकुशिमा मिझुहो यांची कारकीर्द

मंत्रिपद मिळावें म्हणून माणसें काय काय करतात, हें सर्व देशांतील लोकांना ठाऊक आहे. मिळालेलें मंत्रिपद एका सहीसाठीं हातचें घालविणारीं माणसें मात्र विरळा. जपानांत ता. २८ मे २०१० रोजीं अशी एक घटना घडली. रात्रीं मंत्रिमंडळाची बैठक भरली, एक ठराव पुढें आला, आणि एका बाईंनीं त्यावर सही करण्याचें नाकारलें. त्याच रात्रीं पंतप्रधानांनीं त्यांना पदावरून दूर केलें. त्या बाई म्हणजे समाजवादी लोकशाही पक्षाच्या तेव्हांच्या अध्यक्षा फुकुशिमा मिझुहो. जपानी रीतीप्रमाणें आडनांव आधीं व स्वतःचें नांव मागून येतें. तेव्हां मिझुहो हें त्यांचें नांव आणि फुकुशिमा हें आडनांव. या आडनांवालाहि त्यांच्या चरित्रांत मोठें स्थान आहे. नांव आणि सही या दोन गोष्टी ध्यानांत ठेवल्या, म्हणजे या वकील स्त्रीच्या सार्वजनिक आयुष्याचें सूत्र श्रोत्यांच्या हातीं येईल.

प्रथम त्यांच्या आधींच्या काळाची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. जपानच्या जुन्या वकिली कायद्यांत, वकील होणारी व्यक्ति पुरुष असली पाहिजे, अशी अट स्पष्ट लिहिलेली होती. १९३३ सालीं तो कायदा बदलला, आणि १९३६ पासून नवा कायदा अमलांत आला. १९३८ च्या परीक्षेंत तीन स्त्रिया उत्तीर्ण झाल्या. मिबुची योशिको, नाकाता मासाको आणि कुमे आई या त्या तिघी १९४० मध्यें जपानच्या पहिल्या स्त्री-वकील झाल्या. आपल्याकडे हें दार थोडें आधीं उघडलें होतें. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ मध्यें ऑक्सफर्ड येथें कायद्याची परीक्षा दिली होती. परंतु स्त्रियांना वकिलीची सरसकट मोकळीक हिंदुस्थानांतहि १९२३ च्या कायद्यानेंच मिळाली. जपानला त्यानंतर आणखी दहा वर्षें लागलीं. आणि तेथील विसंगति अशी कीं, १९४० सालीं या तिघींना पक्षकाराच्या वतीनें न्यायालयांत बोलतां येत होतें, पण स्वतःच्या वतीनें मतदान करतां येत नव्हतें. तो हक्क त्यांना महायुद्धांतील पराभवानंतर मिळाला. ता. १० एप्रिल १९४६ च्या निवडणुकींत स्त्रियांनीं प्रथम मतें दिलीं, आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. पुढच्याच वर्षीं, ३ मे १९४७ रोजीं, नवें संविधान अमलांत आलें. त्याच्या चौदाव्या कलमानें स्त्रीपुरुषांना समान मानलें, चोविसाव्या कलमानें विवाह हा उभयतांच्या समान हक्कांवर उभा केला, आणि नवव्या कलमानें युद्धाचा कायमचा त्याग केला. फुकुशिमाबाईंच्या पिढीला हीं कलमें वारशानें मिळालीं. वारसा कागदावर होता. तो व्यवहारांत उतरविणें बाकी होतें.

फुकुशिमाबाईंचा जन्म ता. २४ डिसेंबर १९५५ रोजीं क्यूशू बेटावरील मियाझाकी प्रांतांत, नोबेओका या कारखान्यांच्या गांवीं झाला. टोकियो विद्यापीठाच्या कायदे शाखेंतून त्या १९८० मध्यें पदवीधर झाल्या. त्या विद्यापीठाची पदवी म्हणजे वरिष्ठ सरकारी नोकरीची किल्लीच समजली जाते. परंतु बाईंनीं वकिलीची वाट धरली. ही वाट त्या काळीं फार अरुंद होती. न्यायाधीश, सरकारी वकील व खाजगी वकील या सर्वांना तेथें एकच परीक्षा द्यावी लागे. दरवर्षीं वीस हजारांहून अधिक उमेदवार बसत आणि त्यांतून सुमारें पांचशेच निवडले जात. चार-पांच वेळां अपयश येणें हें कोणास लाजिरवाणें वाटत नसे. बाई १९८४ मध्यें ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि त्यानंतरचें दोन वर्षांचें व्यावसायिक शिक्षण पुरें करून १९८७ मध्यें त्यांनीं वकिलीस आरंभ केला.

वकील म्हणून त्यांनीं जे प्रश्न हातीं घेतले, त्यांत आडनांवाचा प्रश्न अग्रभागीं होता. आपल्याकडे, विशेषतः महाराष्ट्रांत, लग्नांत वधूचें नांवदेखील तांदळांत लिहून बदलण्याची चाल पुष्कळ घराण्यांत आहे. परंतु ती चाल आहे, कायदा नव्हे. ज्या स्त्रीला तें नको असेल तिला सरकार अडवीत नाहीं. जपानचें तसें नाहीं. तेथील दिवाणी कायद्याच्या साडेसातशेंव्या कलमाप्रमाणें विवाहाची नोंद करतांना दोघांनीं मिळून एकच आडनांव घेतलें पाहिजे. तें पतीचें असावें कीं पत्नीचें, हें कायदा सांगत नाहीं. वरवर पाहतां यांत पक्षपात कोठेंच दिसत नाहीं. पण शंभरांतील सुमारें ९५ जोडप्यांत पतीचेंच आडनांव राहतें. १८९८ च्या जुन्या कायद्यांत घराणें आणि घराण्याचा कर्ता पुरुष यांची जी व्यवस्था होती, ती युद्धानंतर रद्द झाली. परंतु घरावरची पाटी एकच असावी हा आग्रह मागें उरला.

फुकुशिमाबाईंनीं या प्रश्नावर नुसतें लिहिलें किंवा भाषणें केलीं, असें नाहीं. त्यांचे सहचरहि वकीलच. आणि दोघांनीं आपापलीं आडनांवें राखण्यासाठीं विवाहाची नोंद केलीच नाहीं. याची किंमत लहान नव्हती. नोंद नसलेल्या जोडीदारास जपानी कायदा वारस मानीत नाहीं, करांतील सवलत देत नाहीं. आणि त्यांच्या पोटीं आलेलें मूल कायद्याच्या भाषेंत विवाहबाह्य ठरतें. अशा मुलांना वडिलांच्या मिळकतींत औरस मुलांच्या निम्मा वांटा मिळावा, असें कलम त्या वेळीं जपानांत होतें. म्हणजे आईबापांनीं तत्त्व पाळावें आणि त्याचा दंड लेकरानें भरावा, अशी ती योजना होती. बाईंनीं विवाहबाह्य मुलांच्या समान हक्कांचा प्रश्नहि हिरीरीनें मांडला, यांत त्यामुळें नवल नाहीं.

त्यांच्या वकिलीच्या काळांतील दुसरें मोठें प्रकरण याहून कितीतरी वेदनामय होतें. महायुद्धांत जपानी सैन्यानें कोरिया व इतर देशांतील असंख्य स्त्रियांना सैनिकांच्या भोगासाठीं ठेवलें होतें. अर्धें शतक या स्त्रिया लाजेनें मूक राहिल्या. १९९१ च्या ऑगस्टमध्यें किम हाक-सुन या कोरियन वृद्धेनें आपलें नांव व चेहरा जगापुढें ठेवून ती हकीकत सांगितली, आणि ता. ६ डिसेंबर १९९१ रोजीं तिनें व इतरांनीं टोकियोच्या जिल्हा न्यायालयांत जपान सरकारविरुद्ध भरपाईचा दावा लावला. हा दावा चालविणाऱ्या वकिलांत फुकुशिमाबाई होत्या. १९९३ मध्यें जपान सरकारनें एका निवेदनाद्वारें या प्रकारांत सैन्याचा हात असल्याचें मान्य करून क्षमायाचना केली. परंतु न्यायालयांत दावा टिकला नाहीं. किमबाई १९९७ मध्यें वारल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानें २००४ मध्यें अखेरचा नकार दिला, तेव्हां तो ऐकावयास त्या नव्हत्या.

वकिलाला असा अनुभव आला, म्हणजे त्याच्यापुढें एक प्रश्न उभा राहतो. न्यायाधीश कायदा लावतो. तो कायदा घडवीत नाहीं. कायदाच अपुरा असेल, तर कितीहि कुशल युक्तिवाद केला तरी तो भिंतीला टेकतो. मग ती भिंत जेथें बांधली जाते तेथें जावें लागतें. फुकुशिमाबाईंना तेथें नेणाऱ्या व्यक्ति म्हणजे दोई ताकाको. दोईबाई संविधानशास्त्राच्या अध्यापिका. १९८६ मध्यें त्या समाजवादी पक्षाच्या अध्यक्षा झाल्या, आणि जपानांत मोठ्या राजकीय पक्षाचें नेतृत्व प्रथमच एका स्त्रीकडे आलें. १९९३ मध्यें त्या कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या स्त्री-सभापतीहि झाल्या. त्यांच्या आग्रहानें फुकुशिमाबाई १९९८ च्या निवडणुकीस उभ्या राहिल्या, आणि पक्षाच्या यादींतून, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीनें, वरिष्ठ सभागृहांत निवडून आल्या. पुढें २००४, २०१०, २०१६ आणि २०२२ या सालींहि त्या पुन्हां निवडून आल्या.

संसदेंत आल्यावर त्यांच्या हातून झालेलें पहिलें भरीव कार्य २००१ सालचें. घरांत नवऱ्याकडून मार खाणारी स्त्री पोलिसांकडे गेली, तर 'हा तुमच्या घरांतला मामला' असें म्हणून तिला परत पाठविण्याची रीत जपानांत होती. वरिष्ठ सभागृहांतील निरनिराळ्या पक्षांच्या सभासदांनीं, विशेषतः स्त्री-सभासदांनीं, एकत्र बसून याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार केला. त्या मंडळींत फुकुशिमाबाई होत्या. जपानांत बहुतेक विधेयकें सरकारी खात्यांत तयार होऊन येतात. हें मात्र सभासदांनीं स्वतः लिहिलेलें होतें. या कायद्यानें, नवऱ्यानें सहा महिने पत्नीजवळ फिरकूं नये असा हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला, आणि हुकूम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा ठरली. वकिली आणि राजकारण यांची गांठ नीट पडली म्हणजे काय होऊं शकतें, याचा हा उत्तम दाखला होय.

परंतु त्यांच्या पक्षाला उतरती कळा लागली होती. एके काळीं संसदेंतील दुसऱ्या क्रमांकाचा असलेला हा पक्ष १९९६ मध्यें नांव बदलून समाजवादी लोकशाही पक्ष झाला, आणि त्याचे अनेक सभासद दुसरीकडे गेले. २००३ च्या नोव्हेंबरमधील निवडणुकींत कनिष्ठ सभागृहांतील त्याच्या जागा १८ वरून ६ वर आल्या. दोईबाईंनीं पराभवाची जबाबदारी घेऊन पद सोडलें, आणि तें फुकुशिमाबाईंकडे आलें. श्रीमंत घराची कुलमुखत्यारी सर्वांनाच हवी असते. कर्जबाजारी घराची कोणी आनंदानें पत्करीत नाहीं. बाईंनीं ती पत्करली.

सहा वर्षांनीं दैवानें कूस बदलली. २००९ च्या ऑगस्टमध्यें डेमोक्रॅटिक पक्षानें कनिष्ठ सभागृहाच्या ४८० पैकीं ३०८ जागा जिंकल्या. वरिष्ठ सभागृहांत मात्र त्यास स्वतःचें बहुमत नव्हतें, म्हणून हातोयामा युकिओ यांनीं दोन लहान पक्षांना सरकारांत घेतलें. त्यांतील एक फुकुशिमाबाईंचा. त्यांना ग्राहक-संरक्षण, अन्नसुरक्षा, घटती जन्मसंख्या आणि स्त्रीपुरुष समानता हे विषय मिळाले. तिन्ही पक्षांच्या लेखी करारांत असेंहि एक वाक्य होतें कीं, जपानमधील अमेरिकन लष्करी तळांच्या व्यवस्थेचा फेरविचार केला जाईल. या एका वाक्यानें पुढचा सर्व इतिहास घडविला.

ओकिनावा हें जपानच्या दक्षिणेकडील द्वीपसमूहांचें राज्य. देशाच्या एकंदर भूमीपैकीं त्याची भूमि सुमारें ०.६ टक्का, परंतु जपानांत खास अमेरिकन सैन्याच्या ताब्यांत असलेल्या जमिनीपैकीं ७० टक्क्यांहून अधिक जमीन त्या वेळीं या एका राज्यांत होती. तेथील फुतेनमा हा विमानतळ गिनोवान शहरांत दाट वस्तीच्या मधोमध आहे. १९९५ मध्यें अमेरिकन सैनिकांनीं एका शाळकरी मुलीवर अत्याचार केला, तेव्हां ओकिनावांत संतापाची लाट उठली. आणि १९९६ मध्यें हा तळ परत देण्याचें दोन्ही सरकारांनीं मान्य केलें. पण बदली जागा म्हणून ओकिनावांतीलच हेनोको हा सागरतीर ठरला. म्हणजे ओझें एका खांद्यावरून काढून त्याच माणसाच्या दुसऱ्या खांद्यावर ठेवावयाचें! हातोयामा यांनीं निवडणुकीपूर्वीं, हा तळ निदान ओकिनावाबाहेर नेऊं, असें आश्वासन दिलें होतें. आठ महिने त्यांनीं पर्याय शोधला; तो सांपडला नाहीं. अखेर ता. २८ मे २०१० रोजीं अमेरिकेबरोबर संयुक्त निवेदन निघालें, आणि त्यांत हेनोकोचेंच नांव होतें. तीनच दिवस आधीं फुकुशिमाबाई ओकिनावांत जाऊन तेथील राज्यप्रमुखांना भेटून आल्या होत्या.

येथें जपानी मंत्रिमंडळाची रीत समजून घेतली पाहिजे. तेथें मंत्रिमंडळाचा निर्णय बहुमतानें होत नाहीं. तो एकमतानें व्हावा लागतो. ठरावाच्या कागदावर प्रत्येक मंत्री कुंचल्यानें आपली वळणदार खूण काढतो, आणि सर्वांच्या खुणा झाल्या म्हणजे ठराव पुरा होतो. संविधानाप्रमाणें मंत्रिमंडळ संसदेला सामुदायिक रीतीनें जबाबदार असल्यामुळें, 'माझें मत निराळें होतें' असें म्हणण्याची सोय मागाहून कोणास राहत नाहीं. जो सही करणार नाहीं त्यानें राजीनामा द्यावा. न दिल्यास पंतप्रधान अडुसष्टाव्या कलमान्वयें त्याला काढूं शकतात. बाईंनीं सही केली नाहीं, आणि राजीनामाहि दिला नाहीं. ओकिनावाला दिलेला शब्द मोडणारे आपण नव्हे, मग पद आपण होऊन कां सोडावें, असा त्यांचा पवित्रा होता. हातोयामा यांनीं त्यांना बडतर्फ केलें. युद्धोत्तर काळांत असे बडतर्फ झालेले मंत्री तोंपर्यंत अवघे पांच. त्यांत स्त्री ही एकच. दोन दिवसांनीं त्यांचा पक्ष सरकारांतून बाहेर पडला, आणि २ जून रोजीं हातोयामा यांनींहि राजीनामा जाहीर केला.

त्याच मंत्रिमंडळांत दुसऱ्या एक वकील स्त्री होत्या, न्यायमंत्री चिबा केइको. त्याहि मूळच्या समाजवादी पक्षांतल्या, आणि फांशीच्या शिक्षेच्या विरोधक म्हणून प्रसिद्ध. जपानांत फांशीची अंमलबजावणी न्यायमंत्र्याच्या हुकुमाखेरीज होत नाहीं. २०१० च्या जुलैंत चिबाबाईंनीं दोन हुकूम दिले. आणि नंतर स्वतः फांशीगृहांत जाऊन तें दृश्य पाहिलें. त्यानंतर त्यांनीं या शिक्षेचा विचार करण्यासाठीं अभ्यासमंडळ नेमलें, आणि बंदिस्त फांशीगृह वृत्तपत्रांना खुलें केलें. पदाचें कर्तव्य म्हणून सही करावी आणि त्या सहीच्या आधारें चर्चेचें दार उघडावें, हा एक मार्ग. सहीच करूं नये, हा दुसरा. पहिल्यावर तत्त्व सोडल्याचा ठपका येतो, दुसऱ्यावर सत्ता सोडल्याचा. या दोघींपैकीं कोणा एकीला भित्री किंवा हटवादी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु अशी सही ज्याच्या पुढ्यांत येते त्याला तें इतकें सोपें वाटत नाहीं.

फुकुशिमाबाईंच्या टीकाकारांचा युक्तिवाद दुबळा नाहीं. ते विचारतात, सही नाकारून काय साधलें? हेनोकोचें काम थांबलें नाहीं. २०१८ च्या डिसेंबरमध्यें तेथें समुद्रांत भराव टाकण्यास सुरुवात झाली. २०१९ च्या लोकमतांत ओकिनावांतील मतदान करणाऱ्यांपैकीं ७० टक्क्यांहून अधिक लोकांनीं विरोध नोंदविला, तरी भराव पडतच राहिला. पक्षाचें तर नुकसानच झालें. २०१२ मध्यें कनिष्ठ सभागृहांत त्याचे दोनच सभासद उरले. २०१३ च्या पराभवानंतर बाईंनीं अध्यक्षपद सोडलें. २०२० मध्यें त्या पुन्हां अध्यक्षा झाल्या, पण त्याच वर्षीं पक्ष फुटला, आणि संसदेंत त्यांच्यासह दोनच सभासद मागें राहिले. २०२२ मध्यें, पक्ष म्हणून कायदेशीर मान्यता टिकविण्यास लागणारीं दोन टक्के मतें तरी मिळतात कीं नाहीं, अशी वेळ आली. तीं थोडक्यांत मिळालीं. मंत्रिमंडळांत राहिल्या असत्या तर आडनांवाचा कायदा तरी करून घेतां आला असता, असें कोणी म्हणेल. पण तेंहि खरें नाहीं. समानतेचें खातें फुकुशिमाबाईंकडे आणि न्यायखातें चिबाबाईंकडे, असा दुर्मिळ योग असतांनाहि दुसऱ्या लहान मित्रपक्षाच्या विरोधामुळें तें विधेयक मंत्रिमंडळापुढें येऊं शकलें नव्हतें.

मग या कारकिर्दीचा जमाखर्च मांडावयाचा कसा? जमेच्या बाजूस कौटुंबिक अत्याचाराचा कायदा निःसंशय आहे. विवाहबाह्य मुलांना निम्मा वांटा देणारें कलम सर्वोच्च न्यायालयानें ४ सप्टेंबर २०१३ रोजीं एकमतानें घटनाबाह्य ठरविलें, आणि त्याच वर्षीं संसदेनें तें काढून टाकलें. तें अनेकांच्या दीर्घ श्रमांचें फळ, आणि त्यांत बाईंचा वांटा आहे. २०१५ मध्यें सरकारच्या नियोजित संरक्षण-विधेयकांना त्यांनीं संसदेंत 'युद्ध-विधेयकें' म्हटलें. सत्तारूढ पक्षानें नोंदवहींतून तो शब्द बदलण्याची मागणी केली. बाईंनीं नकार दिला, आणि शब्द नोंदींत राहिला. विधेयकें सप्टेंबरांत मंजूर झालीं हें खरें. परंतु सभासदानें कोणता शब्द वापरावा हें बहुमतानें ठरूं लागलें, तर सभागृहाची गरजच उरणार नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

आणि आडनांवाचें काय? १९९६ मध्यें सरकारच्याच कायदे-सल्लागार मंडळानें, ज्यांना हवीं त्यांना दोन आडनांवें ठेवूं द्यावीं, अशी शिफारस केली होती. ता. १६ डिसेंबर २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दहा विरुद्ध पांच मतांनीं जुनें कलम घटनेशीं सुसंगत ठरविलें. त्या पंधरा न्यायाधीशांत स्त्रिया तीन. आणि तिघींनींहि तें घटनाबाह्य मानलें. २०२१ मध्यें निकाल पुन्हां तसाच लागला. दोन्ही वेळां न्यायालयानें सांगितलें, कीं हा विचार संसदेनें करावा. २०२५ मध्यें अनेक वर्षांनीं प्रथमच संसदेच्या समितींत या विषयावरील विधेयकांची चर्चा झाली. त्या अधिवेशनांत तीं मतास मात्र पडलीं नाहींत. न्यायालय संसदेकडे बोट दाखवितें, संसद उद्यांकडे. ज्या वकील स्त्रीनें हें बोट कोठें वळणार हें १९९८ मध्येंच ओळखलें, तिचा हिशेब चुकला असें म्हणतां येणार नाहीं. तिचा काळ मात्र तिच्यापेक्षां सावकाश चालला.

राजकारणांत यशाचीं मापें बहुधा दोनच वापरलीं जातात : किती जागा मिळाल्या, आणि किती काळ सत्ता टिकली. या मापांनीं फुकुशिमाबाईंचें पारडें हलकें भरेल. परंतु लोकशाहीला आणखी एका मापाची गरज असते. मतदारास दिलेला शब्द आणि मंत्री म्हणून करावयाची सही, यांत कितीसें अंतर पडलें, हें तें माप. हें अंतर वाढत गेलें, म्हणजे लोकांचा विश्वास निवडणुकीवरूनच उडतो, आणि ती हानि एका पक्षाच्या हानीपेक्षां फार मोठी असते. ओकिनावाच्या लोकांना तळ हटलेला दिसला नाहीं. पण दिलेल्या शब्दाची आठवण ठेवून निदान एक कुंचला त्या रात्रीं खालीं ठेवला गेला, इतकें त्यांना दिसलें. लहान पक्षाच्या नेत्याच्या हातांत पुष्कळदां एवढेंच असतें. आणि तेवढें केल्यावर, बाकीचें करण्याचा भार तो देशाच्या बहुमतावर टाकून मोकळा होतो.